आमच्या मोटारीचे पाटे

जुन्या वस्तूंविषयीं मनुष्यास जी ममता वाटते ती पुष्कळदां त्या वस्तूंच्या किंमतीहून मोठी असते. कोणाच्या घरीं आजोबांचें खिशांतलें घड्याळ असतें, कोणाच्या घरीं आजीचें तांब्याचें घंगाळ असतें, व तीं विकण्याची नुसती गोष्ट काढली तरी घरांतील मंडळींचे चेहरे उतरतात. आमच्या घरीं मोटार आहे. ती 'प्रीमियर पद्मिनी' जातीची असून १९७८ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली आहे. म्हणजे वयानें ती आमच्याहून थोडी वडीलच आहे. मुलुंडास आमच्या इमारतीखालीं ती उभी असते, व येणारे जाणारे तिच्याकडे पाहून कोणी हंसतात, तर कोणी थांबून चौकशी करितात. शाळामास्तरानें शाळेच्या वार्षिकांत मोटारीची गोष्ट सांगावी हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या मोटारीच्या पाट्यांनीं गेल्या वर्षीं आम्हांस जो धडा दिला तो बी. ए. च्या अभ्यासक्रमांत नव्हता व शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजांतहि नव्हता. म्हणून तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा असें आम्हीं ठरविलें.

मोटार मूळची आमच्या वडिलांची. तेहि शिक्षकच होते. १९८९ सालीं पार्ल्याच्या एका वृद्ध गृहस्थांकडून त्यांनीं ती विकत घेतली. त्यापूर्वींचे दिवस आजच्या मुलांस ठाऊक नसणार. त्या काळीं नव्या फियाटसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहात बसत. पैसे हातांत असूनहि मोटार मिळत नसे. वडिलांच्या हातांत तर पैसेहि नव्हते. म्हणून त्यांनीं जुनी घेतली, व तिच्यावर इतकी निगा ठेविली कीं नव्या मोटारींच्या धन्यांनीं तिच्याकडे पाहावें. नाताळच्या सुटींत आम्ही सर्व तींतून माळशेज घाटाच्या वाटेनें अहमदनगरास जात असूं. त्या शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. परंतु आमच्या आईच्या तोंडीं अद्याप 'नगर' हाच शब्द आहे. वडील २०१८ सालीं वारले, व त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांस नगरासच मूठमाती दिली.

आईचें वय आतां ७६ वर्षांचें आहे. तिच्या पाठीचे मणके झिजले आहेत. गेल्या उन्हाळ्यांत एके सायंकाळीं ती सहज बोलून गेली, "त्यांच्या गाडींतून एकदां त्यांना भेटून यायचं आहे. मग तुम्ही ती विका, नाहींतर ठेवा." डॉक्टरांस विचारलें. ते म्हणाले, प्रवासास हरकत नाहीं. मात्र पाठीस झटके बसतां कामा नयेत. येथपासून आमच्या गोष्टीस आरंभ होतो.

प्रथम या मोटारीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचें नांव विद्यार्थ्यांनीं जहाजांच्या व विमानांच्या कारखान्यांच्या संबंधानें ऐकलें असेल. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन तिची ११०० जातीची मोटार येथें बनूं लागली. हीच मोटार १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नांवावरून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊं लागली. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें व सुमारें ४० अश्वशक्तीचें. या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत मात्र ती पुढें पुष्कळ वर्षें टिकली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती; टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर ही जात मुंबईच्या टॅक्सींतून नाहींशी झाली. त्या दिवशीं आमच्या इमारतींतील मुलांनीं आमच्या मोटारीबरोबर आपलीं छायाचित्रें काढून घेतलीं.

आतां मोटारीचा आजार सांगतों. पावसाळ्याच्या तोंडीं पवईच्या रस्त्यानें आम्ही अंधेरीस निघालों असतां पुढें एक रिक्षा एकाएकीं आडवी आली. आम्हीं चाक वळविलें. मोटार वळली खरी, परंतु प्रथम एका कुशीवर कलली, मग दुसऱ्या कुशीवर कलली, आणि होडीसारखे हेलकावे खात खात पुष्कळ अंतरावर स्थिर झाली. अपघात झाला नाहीं, ही देवाची कृपा. घरीं येऊन आम्हीं पाहिलें तों मोटारीचा मागील भाग एका बाजूस दोन बोटें खालीं बसलेला दिसला. मोटारींची एक जुनी परीक्षा आहे. कोपऱ्यावर दोन्ही हातांनीं भार देऊन मोटार खालीं दाबावी व सोडून द्यावी. ती वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक. खालींवर हालतच राहिली तर शॉकअब्सॉर्बर संपले असें समजावें. आमची मोटार चार वेळां हालली.

ज्या विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानाची गोडी आहे त्यांच्यासाठीं येथें थोडा खुलासा करितों. मोटारीचें वजन चाकांवर सरळ टेकलेलें नसतें. मध्यें स्प्रिंगा असतात. पद्मिनीस पुढें गुंडाळलेल्या तारेच्या स्प्रिंगा आहेत व मागें पाटे आहेत. पाटे म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या. सर्वांत लांब पट्टी वर व तिच्याखालीं क्रमानें आंखूड, अशा त्या मधोमध एका बोल्टानें आवळलेल्या असतात. खड्डा आला म्हणजे स्प्रिंग दबते व धक्का आपल्यांत सांठवून घेते. परंतु सांठविलेलें ती परत दिल्यावांचून राहात नाहीं. म्हणून केवळ स्प्रिंग असेल तर मोटार नाचतच राहील. तें नाचणें थांबविण्याचें काम शॉकअब्सॉर्बराचें, ज्यास आमच्या मुंबईच्या गॅरेजांत 'शॉकअप' म्हणतात. त्याच्या नळींत तेल असतें. दांडा आंत बाहेर होतांना तें तेल बारीक छिद्रांतून जबरीनें जातें व हालचालीची शक्ति उष्णतेंत बदलून जिरून जाते. म्हणजे एकानें धक्का झेलावयाचा व दुसऱ्यानें तो जिरवावयाचा, असा हा दोघांचा संसार आहे.

आमचे धाकटे बंधु अंधेरीस संगणकाच्या धंद्यांत आहेत. त्यांस अमेरिकेच्या जुन्या बलदंड मोटारींचें फार वेड. १९६४ सालीं पाँटिॲक कंपनीनें 'जीटीओ' ही मोटार काढिली. मध्यम आकाराच्या मोटारींत ६.४ लिटरचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिन बसविलें. त्यानंतर पांच सहा वर्षें अमेरिकेंत अशा मोटारींची चढाओढ लागली, व डॉज आणि प्लिमथ यांनीं त्यांत मोठें नांव मिळविलें. तेच डॉज व प्लिमथ, ज्यांच्या जुन्या मोटारी एके काळीं आमच्या कुर्ल्यास जुळविल्या जात. या मोटारी सरळ रस्त्यावर बाणासारख्या जात, परंतु वळणावर त्यांची त्रेधा उडे; कारण बळ वाढलें, पण त्या मानानें पाटे व ब्रेक वाढले नाहींत. डॉज व प्लिमथ यांस तर मागें आमच्या पद्मिनीसारखेच पाटे असत. म्हणून आज ज्या शौकी लोकांजवळ तसल्या मोटारी आहेत ते प्रथम त्यांचे पाटे व शॉकअब्सॉर्बर सुधारून घेतात. हें सर्व आम्हांस बंधूंनींच समजावून दिलें, व त्यांत खोटें असें कांहींच नव्हतें.

"दादा," ते म्हणाले, "आपणहि तेंच करूं. गाडी खालीं घेऊं, पक्की करूं. एकदां केलं कीं रस्त्याला चिकटून चालेल."

तीन मार्ग त्यांनीं पुढें मांडिले. पहिला असा कीं, पुढील स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून मोटार खालीं बसवावी. हें काम स्वस्त असतें व तरुण मंडळी तें पुष्कळ ठिकाणीं करवून घेतात. दुसरा असा कीं, मागील पाटे मुळींच काढून टाकून नव्या पद्धतीच्या स्प्रिंगा बसवाव्या. तिसरा असा कीं, आहेत त्या पाट्यांत एक जाड पाटा घालावा व चारी बाजूंस ताठ, वायु भरलेले शॉकअब्सॉर्बर बसवावे. पहिला मार्ग आम्हीं लगेच टाकिला. स्प्रिंगेचा वेढा कापला कीं ती अधिक ताठ होते, आणि दबण्यास जागा मात्र कमी राहते. म्हणजे ज्या खड्ड्यांत ती अधिक दबावयास हवी तेथेंच ती तळाशीं आपटते. शिवाय मुंबईचे गतिरोधक ज्यांनीं पाहिले आहेत ते मोटार खालीं घेण्याची गोष्ट काढणार नाहींत. दुसरा मार्ग कायद्याच्या दृष्टीनें अडचणीचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल करितां येत नाहीं, व सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच ठामपणें सांगितलें आहे. आणखी एक विचार होता. २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षें पूर्ण झालेल्या खाजगी मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद होऊं शकते. मात्र तिची चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असतां कामा नये. आमच्या मोटारीची पन्नाशी जवळ येत चालली असतां सांगाड्यावर करवत चालवावी हें आम्हांस रुचलें नाहीं. राहिला तिसरा मार्ग. तो आम्हां दोघां भावांस पसंत पडला.

घाटकोपरास एक वृद्ध मिस्त्री आहेत. मूळचे ते रत्नागिरीकडील. फियाट मोटारींवर त्यांचें आयुष्य गेलें. त्यांचा नातू आमच्याच शाळेंत नववींत शिकतो. आम्ही मोटार घेऊन गेलों व आमचा बेत सांगितला. मिस्त्रींनीं मोटारीभोंवतीं एक फेरी घातली, खालीं वांकून पाट्यांवर हात फिरविला, व विचारलें, "सर, मागें कोण बसतं?"

आम्हांस प्रश्न जरा अस्थानीं वाटला. आम्ही म्हणालों, "बसतं कोण? कधीं तरी आमची आई. परंतु मिस्त्री, प्रश्न वळणावर मोटार कलते त्याचा आहे."

ते म्हणाले, "कलते ती शॉकअप संपलेत म्हणून. रबरी बुश खाल्लेत म्हणून. पाटा बसलाय, त्याला बाक देऊन आणूं. जास्तीचा पाटा नको, सर. ही माणसांची गाडी आहे, मालाची नाहीं."

आतां वाचकांस खरें तें सांगावयाचें तर त्या वेळीं आमच्या मनांत असें आलें कीं, हे गृहस्थ जुन्या चालीचे आहेत. नवें यांस नको असतें. आम्हीं चार लेख वाचले होते, बंधूंनीं दहा वाचले होते. मिस्त्रींनीं कोणता लेख वाचला होता? आम्हीं जरा वरच्या पट्टींत सांगितलें कीं, आम्ही म्हणतों तसेंच करा. नातू जवळच हातांत दिवा धरून उभा होता. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. "तुमची गाडी आहे, सर," एवढेंच म्हणाले, व कामास लागले.

मोटार घरीं आली ती दिमाखानें. मागील भाग उंच झाला होता. पवईच्या त्याच वळणावर ती खिळल्यासारखी वळली. बंधूंनीं आमची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. आम्हीं आईस मागें बसवून प्रार्थनेस नेलें व येतांना मुद्दाम घाटकोपरपर्यंत फिरवून आणलें. "कशी काय आहे, आई?" असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "आतां सरळ चालते, बाळ. छान झाली." आम्हीं समाधानानें मान डोलविली. सोमवारीं सकाळीं ती अंथरुणावरून उठली नाहीं. मंगळवारींहि उठली नाहीं. 'जरा थकवा आहे' असें ती म्हणे. बुधवारीं आमच्या पत्नीनें पाठीस तेल लावितांना तिचें कण्हणें ऐकिलें, तेव्हां आम्हांस उलगडा झाला. प्रत्येक गतिरोधकास तिच्या पाठींत कळ उठत होती, व आमच्या उत्साहावर पाणी पडूं नये म्हणून ती हंसत बसली होती. डॉक्टरांनीं तीन आठवडे विश्रांति सांगितली व आमच्याकडे जें पाहिलें तें आम्हांस आजहि आठवतें.

त्या तीन आठवड्यांत आम्हीं पाटीवर नव्हे, पण वहींत गणित मांडलें. जें आधीं करावयाचें तें मागून केलें. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आम्ही दरवर्षीं वर्गांत शिकवितों: भार जितका, त्या प्रमाणांत स्प्रिंग दबते. यावरून असें निघतें कीं, मोटारीच्या वजनानें जी स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबते तिच्यावर ती सेकंदास सुमारें सव्वा हेलकावा घेते. जी ४ सेंटिमीटरच दबते तिच्यावर अडीच घेते. मॉरिस ऑली नांवाचे इंग्रज इंजिनियर १९३० नंतर अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींवर या विषयाचे प्रयोग करीत होते. तेव्हांपासून सेकंदास एक ते दीड हेलकावा हा मनुष्यास सुखाचा, असें मोटारी बनविणारे धरून चालतात. आपल्या चालण्याच्या लयीशीं तो फारसा विसंगत नसतो. उलट सेकंदास चारपासून आठपर्यंतचीं उभीं कंपनें मनुष्याच्या धडास सर्वांत अधिक बाधतात. स्प्रिंग जसजशी ताठ करावी तसतसे आपण सुखाच्या लयीपासून दूर जातों, व रस्त्याचे बारीक धक्के न झिजतां थेट बसणाऱ्याच्या कण्यांत पोहोंचतात.

आतां आमच्या जाड पाट्याचें पाहा. लांबी व रुंदी तीच ठेवून पट्टीची जाडी वाढविली तर तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. आमच्या नव्या पाट्याची जाडी मूळच्या पाट्यांच्या दीडपट होती. म्हणजे तो एकटाच साध्या तीन पाट्यांहून भारी होता. असले पाटे ज्या गाडीस शोभतात ती पोत्यांनीं भरलेली असते; भार असला कीं ती नीट दबते. आणि आम्हीं त्यावर काय बसविलें? एक ७६ वर्षांची कृश बाई. मिस्त्रींच्या प्रश्नांत हें सर्व गणित होतें. 'मागें कोण बसतं?' असें त्यांनीं विचारलें तें कुतूहलानें नव्हे; वैद्य जसा रोग्याचें वय विचारतो तसें विचारलें होतें.

पुन्हां घाटकोपरास जाणें आम्हांस जड गेलें. आम्ही संध्याकाळीं जाणार होतों, म्हणजे नातू शिकवणीस गेलेला असेल. परंतु अशी पळवाट काढणें हेंहि मनास लागलें. म्हणून दुपारींच गेलों. नातू तेथें होताच. त्याच्या देखत आम्हीं म्हटलें, "मिस्त्री, तुमचं बरोबर होतं. आमची चूक झाली, व ती आईला भोगावी लागली." वर्गांत आम्ही मुलांकडून चुका कबूल करवून घेतों, आपली चूक आपल्या विद्यार्थ्यासमोर उच्चारतांना जीभ किती जड होते तें त्या दिवशीं कळलें. मिस्त्रींनीं आम्हांस स्टूल दिलें, चहा मागविला, व म्हणाले, "सर, गाडी काय, खोलतां येते. आईची तब्येत आधीं सांगा."

मग काम झालें तें असें. जाड पाटा काढला. मूळचे पाटे सुटे करून, ज्या कारागिराकडे पाट्यांस बाक देतात त्याच्याकडे पाठविले. दोन्ही बाजूंचा बाक सारखा करून घेतला, कारण एक बाजू खालीं असणें हें कलण्याचें अर्धें कारण होतें. पट्ट्यांमधील गंज घासून ग्रीस भरलें. पाट्यांच्या टोंकांचे रबरी बुश नवे घातले. पाटा दबला म्हणजे लांब होतो, म्हणून त्याचें एक टोंक झुलत्या कडींत असतें. ती कडी आमच्या मोटारींत गंजून अडकली होती, तीहि मोकळी केली. पुढील कलरोधक दांड्याचे बुश बदलले. हा दांडा मोठ्या युक्तीचा आहे: दोन्ही चाकें एकदम वर गेलीं तर तो कांहीं बोलत नाहीं; एक वर व एक खालीं झालें कीं मगच तो आडवा येतो. म्हणजे कलणें कमी करावयाचें असतां स्प्रिंग ताठ करण्याची गरज नसून हा दांडा नीट असणें पुरें असतें. ताठ शॉकअब्सॉर्बर काढून कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारांतून मूळच्या मापाचे तेलाचे आणविले. ज्या कुर्ल्यास मोटार जन्मली तेथें कारखान्याच्या जागीं आतां उंच इमारती आहेत. परंतु तिचे अवयव अद्याप त्याच गांवीं सांपडतात, याची आम्हांस गंमत वाटली.

काम संपल्यावर मिस्त्रींनीं नातवास कोपरा दाबावयास सांगितलें. त्यानें दाबून सोडला. मोटार वर आली, किंचित् खालीं गेली व थांबली. "एक," तो म्हणाला, व आमच्याकडे पाहून हंसला. वर्गांत तो कधीं हंसल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पवईच्या वळणावर मोटार आतां थोडी कलते, पण एकदांच कलते व सांवरते. आमचे बंधु मागें बसून मुद्दाम तीन गतिरोधकांवरून गेले व उतरल्यावर म्हणाले, "दादा, हेंच बरं आहे." त्यांचा मोठेपणा हा कीं, त्यांनीं पुढें कांहीं म्हटलें नाहीं.

दिवाळीच्या सुटींत आईची पाठ बरी झाल्यावर आम्ही निघालों. पहांटे पांच वाजतां मुलुंड सोडलें. ठाणें, कल्याण, मुरबाड, टोकावडें करीत उजाडतांना माळशेज घाटाच्या पायथ्याशीं आलों. घाटांत कड्यांवरून अद्याप पाण्याच्या धारा उतरत होत्या. आमची मोटार ४० अश्वशक्तीची. ती दुसऱ्या गिअरमध्यें सावकाश चढली, व मागून येणाऱ्या नव्या मोटारींस आम्हीं आनंदानें वाट दिली. प्रत्येक वळणावर आम्ही आरशांत आईचा चेहरा पाहात होतों. या खेपेस 'कशी काय आहे?' असें विचारावयाचें नाहीं, असा आम्हीं निश्चय केला होता. कारण उत्तर काय मिळणार तें ठाऊक होतें. तिच्या शब्दांपेक्षां तिच्या हातांवर आम्ही लक्ष ठेविलें. मागील वेळीं ते दोन्ही हात पुढील आसनाची कड घट्ट धरून होते, हें आम्हांस मागाहून आठवलें होतें. आतां ते मांडीवर होते.

घाट संपून पठार लागलें. ओतूर मागें पडलें. आळेफाट्याच्या अलीकडे आरशांत पाहिलें तों आई दिसेना. छातींत धस्स झालें. मोटार कडेला घेऊन मागें वळून पाहिलें. ती उशीवर मान टेकून झोंपली होती. वडील मोटार चालवीत असत तेव्हां ती याच टप्प्यावर झोंपत असे, व वडील आम्हां मुलांस बोट ओठांवर ठेवून गप्प बसवीत, तें आम्हांस आठवलें. आम्हीं मोटार पुन्हां रस्त्यावर घेतली. टाकळी ढोकेश्वर, भाळवणी गेलीं, तरी तिला जागें केलें नाहीं. नगरास पोहोंचल्यावर ती वडिलांच्या कबरेजवळ पुष्कळ वेळ बसली. परत येऊन मोटारींत बसतांना ती म्हणाली, "त्यांना सांगितलं, गाडी तशीच आहे म्हणून." आम्हांस याहून मोठें प्रशस्तिपत्र आजवर कोणीं दिलेलें नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, यांतून काय घ्यावयाचें तें तुम्हांस निराळें सांगण्याची गरज नाहीं. तरी शिक्षकाची संवय सुटत नाहीं. कोणतीहि सुधारणा करण्यापूर्वीं ती कोणासाठीं करावयाची हा प्रश्न प्रथम विचारावा. हांकणाऱ्यास मोटार कशी वाटते यावरून तिची परीक्षा होत नाहीं. मागें बसणाऱ्याच्या पाठीस काय वाटतें यावरून होते. ताठपणा म्हणजे बळकटी नव्हे. अमेरिकेच्या बलदंड मोटारीस जें योग्य तें तिच्या बळास व तिच्या रस्त्यांस योग्य. तें चुकीचें नव्हे, परंतु तें आमच्या घरचें नव्हतें. आणि ज्याचें आयुष्य एका कामांत गेलें आहे त्याचा साधा प्रश्न पदवीधरानें हलका लेखूं नये.

पालकांस एक विनंति आहे. आम्ही शिक्षकहि वर्गास शिस्त लावितांना कधीं कधीं जाड पाटा घालून बसतों, व मूल 'छान आहे' असें म्हणतें म्हणून समाधान मानतों. आपलीं मुलें घरीं आल्यावर त्यांच्या शब्दांकडेच नव्हे, तर हातांकडेहि आपण पाहावें, व कोठें झटका बसतो आहे असें दिसलें तर आम्हांस निःसंकोच कळवावें. बदल करितां येतो; मिस्त्री म्हणाले त्याप्रमाणें, खोलतां येतें.

मोटार विकावयाची कीं ठेवावयाची हा प्रश्न आईनेंच सोडविला. नाताळांत पुन्हां नगरास जाऊं, असें ती म्हणते. मिस्त्रींच्या नातवानें निघण्यापूर्वीं चारी कोपरे दाबून पाहाण्याचें आपणहून कबूल केलें आहे.